बारा पेरं, एक गाठ: अकोला ते अमरावती, उलट्या वाटेनं

अकोल्याहून अमरावतीला जायचं तर सरळ रस्ता आहे. रेल्वेनं बडनेरा, तिथून छोटा फाटा, की आलीच अमरावती. मी मात्र साठ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत परतवाडा, मूर्तिजापूर, परत अकोला, मग बार्शीटाकळी, पुन्हा अकोला आणि मग अमरावती असा गेलो. चार दिवस लागले. कारण विचाराल तर जळफळाट. दुसरं काही नाही. नात म्हणते, आजोबा, प्रवासवर्णनात असं लिहीत नसतात. नसतील लिहीत. टाइप ती करते, पण मजकूर माझा आहे.

झालं असं. आम्हाला अध्यापनाच्या वर्गात गणित शिकवणारे एक मास्तर होते. अमरावतीला अंबागेटच्या आत राहायचे. लोक बोटांवर कसे मोजतात, हे गोळा करण्याचा त्यांना नाद होता. लाल कापडी पुठ्ठ्याची एक जाडजूड वही होती. धान्य मापणारा माणूस पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतो, कोणी पेरांसोबत चार बोटांची टोकंही धरून सोळा मोजतो, कोणी पाचाच्या गड्डीनं, कोणी विसानं. सगळं त्या वहीत. पहिली चाळीस पानं माझ्या अक्षरात आहेत. मास्तर सांगायचे आणि मी लिहायचो. माझं अक्षर तेव्हा छापल्यासारखं होतं, हे मीच सांगतो, कारण आता सांगणारं दुसरं कोणी उरलं नाही.

मग दोन वर्षांनी त्याच वर्गात कौसल्याबाई आल्या. बार्शीटाकळीच्या. त्यांच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, वडील वारले होते आणि आई मजुरी करायची. पहिल्याच महिन्यात बाईंनी मास्तरांना विचारलं, “दहाच काहून? हाताले बोटं दहा हायेत म्हणून, का आपल्याले दुसरं दिसलं नाही म्हणून?” मास्तर इतके खूश झाले की तो प्रश्न त्यांनी वहीच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहून घेतला. लिहिला मीच, कारण शिकणं संपलं तरी वही लिहायला मी त्यांच्याकडे जायचोच. एका अक्षराचीही चूक केली नाही, पण तो लिहिताना पोटात जे पेटलं ते अजून विझलेलं नाही.

पुढे नशीब असं की आम्ही दोघंही अकोल्याच्या एकाच शाळेत लागलो. दिवाळीच्या तोंडावर दोघांनाही एकाच दिवशी मास्तरांचं कार्ड आलं. कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. नजर गेली, वही आता कोणाच्या तरी हाती द्यायची आहे. तुम्ही दोघंच डोळ्यासमोर आहात. माझ्यापाशी नाही अशी एक मोजणी घेऊन रविवारी दुपारी या.

एवढंच. तुम्हाला वाटेल, वहीच तर आहे. माझ्यासाठी ती वही म्हणजे मास्तरांचा शब्द होता, की हा माझा खरा विद्यार्थी. आणि तो शब्द मला दोघांत वाटून नको होता.

“तुमी कुठं जाणार शोधायले?” मी बाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं.

“कुठं नाही भाऊ. मायकडे जाऊन राहिली. तिथून रविवारी अमरावतीले.”

आईकडे जाऊन मोजणी कुठे सापडायची? मला आनंद झाला. वही माझीच.

गुरुवार, परतवाडा

सकाळच्या सरकारी बसनं अकोट, अंजनगाव करत परतवाड्याला निघालो. रस्ता तेव्हा अर्धा डांबराचा, अर्धा देवाच्या भरवशावर. दोन्ही बाजूंनी काळी जमीन, कापूस फुटलेला, आणि बसमध्ये धूळ एवढी की उतरलो तेव्हा माझं पांढरं धोतर मुरमाच्या रंगाचं झालं होतं. अंजनगावला बस अर्धा तास थांबायची. तिथला आलूबोंडा खायचाच, मात्र चहा पिताना भांडायची तयारी ठेवा, असा सल्ला मी तेव्हा दिला असता. कारण चहा दोन आण्यांचा आणि नवे पैसे येऊन तीन वर्षं झालेली. दोन आण्यांचे साडेबारा होतात. अर्धा पैसा कोणाचा, यावर रोज वाद. हॉटेलवाला मला म्हणाला, “मास्तर, सोळाची दुनिया दहात कोंबून राहिले, थोडी त सांडनच ना.” हे वाक्य मी मास्तरांसाठी लक्षात ठेवलं. खरं सांगायचं तर, बाईंच्या आधी त्यांना ऐकवायला.

परतवाड्यात बाजाराचा दिवस होता. जुळं गाव अचलपूर पलीकडेच. जुनी तटबंदी आणि दरवाजे बघायला तिकडेही जा, मला वेळ नव्हता. संत्र्यांचे ढीग लागले होते. मोजणारा माणूस एका हातात दोन, दुसऱ्यात तीन फळं उचलायचा आणि एका लयीत टोपल्यात सोडायचा. बघत राहावं असं. पण हे वहीत होतं, पान अकरा.

बाजाराच्या टोकाला मेळघाटातून उतरलेली कोरकू माणसं बांबूच्या टोपल्या आणि झाडू घेऊन बसली होती. एक म्हातारा टोपल्या मोजत होता. हाताची दहा बोटं झाली की तो पायाकडे वळायचा, पायाची दहा झाली की एक काडी बाजूला ठेवायचा आणि पुन्हा हात. वीस वीस. मी त्याच्यासमोर उकिडवा बसून तासभर पाहिलं, दोन टोपल्या विकत घेतल्या आणि मनात म्हटलं, कौसल्याबाई, बसा आता मायजवळ.

शुक्रवार, छोट्या गाडीतून

अचलपूर ते मूर्तिजापूर ही छोट्या रुळांची गाडी आता बंद पडली आहे, नाहीतर तुम्हाला सांगितलं असतं, की आयुष्यात एकदा बसा. इतकी सावकाश की माणूस उतरून शेतातून बोरं तोडून परत चढायचा. दर्यापूरला इंजिनात पाणी भरेपर्यंत मी खिडकीशी बसून माझ्या मोजणीचं टिपण लिहायला घेतलं. ‘हाताची दहा, पायाची दहा, मग काडी’ एवढं लिहिलं आणि हात थांबला.

हे वाक्य मी आधीही लिहिलं होतं. वहीत, पान सतरा. माझ्याच सुंदर अक्षरात.

गाडीत शेजारी बसलेल्या आजीबाईंनी विचारलं, “काय झालं रे बाप्पा, पोट दुखते का?” मी हो म्हणालो. त्यांनी ओवा दिला, तो खाल्ला.

मूर्तिजापूरपर्यंत मला एकच विचार. आपण रिकाम्या हातानं जाणार आणि तिच्याकडे काहीतरी असणार. ती इतकी निवांत होती म्हणजे असणारच. काय असेल? मूर्तिजापूरहून मोठ्या गाडीनं अकोल्याला आलो, घरी टोपल्या टाकल्या, आईला सांगितलं की बार्शीटाकळीला शाळेचं काम आहे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची बस धरली.

शनिवार, बार्शीटाकळी

अकोल्याहून तासाभराचा रस्ता. गाव शेतीचं, बाजार लहान. वस्ती विचारत गेलो तर लोक विहाराच्या बांधकामावर सापडले. सगळे मिळून विहार बांधत होते, आणि जोत्यात भरायला प्रत्येक घरानं मुरमाची ठरावीक टोपली वाहायची होती. कौसल्याबाई फावड्यानं टोपली भरून देत होत्या. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं, पण संशय आला नाही.

“भाऊ, तुमी इकडे?”

“इकडून चाललो होतो,” मी म्हणालो. अकोल्याहून अमरावतीला जाताना बार्शीटाकळी लागत नाही, हे भूगोल शिकवणाऱ्या कोणालाही कळलं असतं. त्यांनी पुढचं टोपलं भरायला घेतलं.

त्यांची आई, जाईबाई, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपलं, उजव्या हातानं ते धरलेलं, अशा माझ्यासमोरून गेल्या. डावा हात मोकळा सोडलेला होता. पण नीट पाहिलं तर त्या हाताचा अंगठा हलत होता. करंगळीच्या खालच्या पेरावर. पुढच्या खेपेला मधल्या पेरावर. मग वरच्या. मग शेजारच्या बोटावर. एका बोटाची तीन पेरं, अशी चार बोटं, म्हणजे बारा खेपा. बारा झाल्या की टोपलं रिकामं केल्यावर, दोन्ही हात मोकळे असतानाच, त्यांनी पदराला एक गाठ मारली आणि अंगठा पुन्हा करंगळीच्या मुळाशी गेला. आणि हे सगळं चालू असताना त्यांचं तोंड एका बाईशी तिच्या सुनेविषयी बोलत होतं. एकदाही हाताकडे पाहिलं नाही.

मी मध्येच विचारलं, “मावशी, किती झाले?”

“दोन गाठी अन् मधल्या बोटाचं वरचं पेर.”

मी मनात हिशोब केला. चोवीस आणि नऊ, तेहतीस. कौसल्याबाईंनी आईचं प्रत्येक टोपलं भरताना एक खडा बाजूला टाकला होता. मोजले तर तेहतीसच. पण जाईबाईंना तेहतीस हा आकडा लागतच नव्हता. घराचा वाटा पाच गाठींचा होता, पाच गाठी झाल्या की झालं.

ही मोजणी वहीत नव्हती. पेरांवर बारा मोजणं होतं, पण बोलत बोलत, न बघता, एका हातानं, आणि बाराचा हातचा गाठीवर चढवत, हे नव्हतं.

“मास्तरले हेच सांगणार?” मी विचारलं.

“सांगून समजनार नाही,” कौसल्याबाई म्हणाल्या. “म्हणून मायलेच घेऊन जातो उद्या. लहानपणापासून पाहून राहिली मी तिले, पण हे मोजणं आहे हे मलेही मास्तरच्या वर्गात गेल्यावरच समजलं.”

दुपारी त्यांच्या घरी जेवलो. ज्वारीची भाकर, बरबटीच्या शेंगांची भाजी, मिरचीचा ठेचा आणि वर कांदा. जाईबाईंनी तीन वेळा भाकर वाढली आणि तिन्ही वेळा मी घेतली. जेवण उत्तम होतं. आमच्या घरी हे कळलं असतं तर आईनं अंगणात बादली ठेवून मला उंबऱ्याबाहेर आंघोळ करायला लावली असती. आमचं घर शेतीवाडीचं, जुनं, आणि त्या बाबतीत कोणाचंच काही चालायचं नाही. म्हणून कळू द्यायचं नाही, हे मी पहिला घास घेतानाच ठरवलं होतं.

दुसरं जे ठरवलं ते हात धुताना. तीनच्या बसनं मी निघालो आणि त्याच संध्याकाळी अमरावतीला मास्तरांच्या दारात उभा राहिलो. एक दिवस आधी.

शनिवार संध्याकाळ आणि रविवार, अमरावती

अकोल्याहून बडनेरा पावणेदोन तास, तिथून अमरावतीची गाडी. त्या पावणेदोन तासांत मी जाईबाईंची मोजणी सुधारली. गाठ मला गावठी वाटली. गाठीऐवजी उजव्या हाताची बारा पेरं धरली तर बारा बारे एकशे चव्वेचाळीस होतात, एकदम शास्त्रशुद्ध. डब्यात समोर बसलेल्या माणसाला माझी दोन्ही हातांची बोटं पाहून वाटलं की मी जप करतोय. त्यानं पाय जवळ घेतले.

मास्तर खाटेवर बसले होते. खूप वाळले होते. आवाजावरून मला ओळखलं आणि चेहरा असा उजळला की मला वाटलं, वही आपलीच. अंजनगावचं अर्ध्या पैशाचं वाक्य ऐकवलं, ते हसले. मग मी सांगितलं. मूर्तिजापूरजवळ रस्त्याच्या कामावर टोपली वाहणारी एक बाई पाहिली, ती दोन्ही हातांच्या पेरांवर अशी मोजते, डाव्यावर एकं, उजव्यावर बारं. त्यांचे हात हातात घेऊन मी त्यांना पेरं दाखवली.

मास्तरांनी माझा उजवा हात धरून त्याची पेरं एकेक करून चाचपली. मग म्हणाले, “मनोहर, टोपलं डोक्यावर असते न तिच्या?”

“हो.”

“मग ते कोणत्या हातानं धरते ती?”

त्यांनी माझा उजवा हात अजून धरून ठेवला होता.

“ज्याचे दोन्ही हात मोजण्यात गुंतले, त्याच्या डोक्यावर काही नसते,” ते म्हणाले. “ही मोजणी कोणीतरी बसल्या बसल्या केलेली हाय. उद्या पाहू.”

खरं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. म्हटलं, उद्या येईल ती, आणि नुसतं तोंडानं सांगताना तीही गडबडेल. आई सोबत येणार आहे हे माहीत असूनही मी ही आशा धरून बसलो होतो. मत्सरानं माणसाची बेरीजही चुकते.

रविवारी बाराच्या सुमारास दोघी आल्या. जाईबाई नवं लुगडं नेसल्या होत्या आणि मास्तरांसाठी भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. मास्तर म्हणाले, “मोजून दाखवा बाई.”

जाईबाई पुढे आल्या, हात पुढे धरला आणि अडल्या. अंगठा करंगळीवर गेला, तिथंच थांबला. दुसऱ्यांदा केलं तरी तेच. मला आत कुठेतरी आनंदाची उकळी फुटली, हे कबूल करतो.

“बसून नाही येत बाप्पा मले,” त्या हसून म्हणाल्या. “डोकशावर काही असलं की हात आपोआप चालते. टोपलं आहे का?”

मास्तरांकडे टोपलं नव्हतं. जाईबाईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि कोपऱ्यातली माझी अंथरुणाची वळकटी उचलली. “बाबूची चालते,” म्हणाल्या. डोक्यावर ठेवली, उजव्या हातानं धरली आणि अंगणातल्या विहिरीभोवती चालायला लागल्या. कौसल्याबाईंनी मास्तरांना धरून विहिरीजवळ नेलं आणि त्यांचा हात आईच्या डाव्या हातावर ठेवला. एक म्हातारा आंधळा माणूस आणि डोक्यावर वळकटी घेतलेली बाई विहिरीला फेऱ्या मारत होते, आणि बाई त्याला बार्शीटाकळीच्या पावसापाण्याचं सांगत होती. बाराव्या फेरीला तिनं वळकटी खाली ठेवली आणि पदराला गाठ मारली. मास्तरांनी ती गाठ चाचपून पाहिली.

“दुसऱ्या कोणी पाह्यलं हे?” त्यांनी विचारलं.

“या बाबूनं पाह्यलं ना काल,” जाईबाई म्हणाल्या. “आमच्या इथंच होता, जेवला न मग निंगाला. तुमाले नाही सांगतलं त्यानं?”

कौसल्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. गणित सोडवताना पोरगं नेमकं कुठं चुकलं हे शोधतो ना आपण, तसं पाहिलं.

मास्तर खाटेवर येऊन बसले आणि वही मागितली. “मनोहर, लिही,” म्हणाले. “अक्षर तुझंच चांगलं.”

मी लिहिलं. टोपलं उजव्या हाती, मोजणी डाव्या. बारा पेरं, एक गाठ. मोजणारी: जाईबाई. गाव: बार्शीटाकळी. आणणारी: कौसल्या. अक्षर हललं नाही. शाई वाळेपर्यंत मास्तर थांबले आणि म्हणाले, “आता वही तिच्या हाती दे.” मी दिली. माझ्याच हातानं.

परत अकोला

परतीला तिघंही एकाच गाडीत होतो, दुसरी गाडी नव्हती. जाईबाई खिडकीशी झोपल्या. वही कौसल्याबाईंच्या मांडीवर होती. मूर्तिजापूर गेल्यावर त्यांनी एकच विचारलं.

“काहून, भाऊ?”

अकोला आलं. जाईबाईंनी उतरताना माझी वळकटी उचलून माझ्या हातात दिली. घरी आईनं पाणी दिलं आणि विचारलं, “बार्शीटाकळीले कुठं जेवला?” मी म्हणालो, “हॉटेलात.”

तुम्ही जाणार असाल तर जा. परतवाड्याची संत्री डिसेंबरात घ्या, अचलपूरचे दरवाजे बघा, वेळ असेल तर वर्धेच्या काठी कौंडण्यपूरही करा. मला त्या प्रवासातून काय उरलं म्हणाल, तर डाव्या हाताचा अंगठा. रोज संध्याकाळी मैदानाला फेऱ्या मारतो तेव्हा तो आपला पेरांवर चालत असतो, आणि बारा झाल्या की मी रुमालाला गाठ मारतो. जळणं काही कमी झालं नाही. बाईंनी पुढे ती वही संपवून दुसरी केली, तिसरी केली, आणि दर वेळी मला वाटायचं, ही माझी होती.

कौसल्याबाई गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या नातीनं माझ्या नातीच्या फोनवर त्या पानाचा फोटो पाठवला. साठ वर्षांनी माझं अक्षर पाहिलं. अजूनही छापल्यासारखं दिसतं. पण ‘आणणारी: कौसल्या’ याच्या खाली पेन्सिलनं आणखी एक ओळ होती, बाईंच्या अक्षरात, उजवीकडे जरा चढलेली: ‘मनोहरभाऊंनी ही मोजणी आमच्या गावी पाहिली, आमच्या घरी जेवण केलं.’

एवढंच आहे. तारीख नाही, टोमणा नाही. नातीनं विचारलं, आजोबा, ही ओळ कशाला? मी तिला सगळं सांगितलं. ती ओळ माझ्या अक्षरात असायला हवी होती.